घरातले दुसरे मीटर

आमच्या घरात पेट्रोल मागून घ्यावे लागते. गावाला पंप नाही. शहाद्याहून कॅन भरून येतात आणि त्या माझ्या थोरल्या भावाच्या कोठीत, खताच्या गोण्यांशेजारी, कुलपाच्या आत राहतात. फवारणीचा पंप, दोन मोटरसायकली, शेजाऱ्याची अडचण, सगळे त्यातूनच भागते. कोठीच्या दारात उभे राहायचे आणि दादा कुलूप उघडता उघडता विचारील त्याचे उत्तर द्यायचे. कुठे, कशाला, परत कधी. मी शाळेत मराठी शिकवतो, दरमहा पगार घेतो, तरी शाळेत जाण्यासाठी लागणारे पेट्रोल मी असेच मागत आलो आहे. यात काही कमीपणा आहे असे मला पन्नाशी उलटेपर्यंत वाटले नाही. पगार घरात जातो, केळी आणि कापूस घरात येतो, पेट्रोल घरातून मिळते. तापीकाठच्या आमच्यासारख्या बऱ्याच एकत्र कुटुंबांची ही रीत आहे, आणि ती सरसकट वाईट आहे असे मी आजही म्हणणार नाही. दादाने या रीतीत कुणाचे काही अडू दिले नाही. फक्त विचारल्याशिवाय कुणाला फाटकाबाहेर जाऊ दिले नाही, एवढेच.

सून घरात आली तेव्हा ही रीत पहिल्यांदा मला खटकली. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत हिशेब पाहतो, सुट्टीला येतो. सून मूळची खांडबाऱ्याची. लग्नाआधीपासून ती शहाद्याच्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे सकाळी सर्वांत आधी येतात ते उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक. साखरेचे रुग्ण, म्हातारी माणसे, गरोदर बायका. त्यांचे रक्त घेतल्याशिवाय त्यांना चहाचा घोटही घेता येत नाही. दार उघडण्याचे काम तिच्याकडे होते. आमच्या गावाहून निघणारी जीप मात्र भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती कधी भरेल हे चालकालाही ठाऊक नसते. दोनदा-तीनदा लोक पायरीवर ताटकळले. प्रयोगशाळेच्या मालकाने तिला स्पष्ट सांगितले की यापुढे उशीर झाला तर दुसरी मुलगी पाहावी लागेल.

तिने दादाकडे मोटरसायकल मागितली नाही. मागितली असती तरी ती रोज पहाटे कोठीच्या दारात उभी राहून पेट्रोल मागते आहे, हे दृश्य आमच्या घराला पेलवले नसते. तिने स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर, बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. मी सोबत गेलो होतो. गाडी अंगणात आली तेव्हा दादाने तिच्याभोवती एक फेरी मारली, हँडल हलवून पाहिले आणि म्हणाला, "आवाज नही, धूर नही. हाई गाडी शे का मिक्सर?"

सगळे हसले. सूनही हसली. मीही हसलो, कारण दादा विनोद करतो तेव्हा हसायचे हीदेखील आमच्याकडची एक रीतच आहे.

मला वीजबचतीचे थोडे वेड आहे, हे इथे सांगायला हवे. घरातले जुने दिवे मी बदलले होते, कमी वीज खाणारे पंखे आणले होते, आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी पाच ताऱ्यांचा फ्रीज घेतला होता. दादा मला गावात "तारा मोजणारा मास्तर" म्हणून हाक मारीत असे. दुकानात मी किमतीआधी ताऱ्यांची चिठ्ठी वाचतो हे त्याने पाहिले होते. मी त्याला पुष्कळदा समजावले होते की स्वस्त वस्तूची खरी किंमत दुकानात कळत नाही, ती पुढची कित्येक वर्षे बिलातून हळूहळू वसूल होते. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "भो, मन्हा पंखा वारा देस. तुन्हा पंखा भाषण देस."

स्कूटर आली आणि सुनेचे पोहोचणे वेळेवर सुरू झाले. रात्री पडवीतल्या मोठ्या सॉकेटला तिची पिन लागलेली असे. सकाळी ती पिन काढी, वायर गुंडाळी, फाटक उघडी आणि जाई. किलोमीटरमागे होणारा खर्च पेट्रोलच्या मानाने इतका किरकोळ होता की मी तो दोनदा मांडून पाहिला, चुकलो तर नाही ना म्हणून. पण त्या बचतीकडे पाहताना एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली. पेट्रोल प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातून येते. वीज भिंतीतून येते. तिचा हिशेब महिन्याच्या शेवटी एकदम, सगळ्यांचा मिळून येतो. ज्या गाडीला इंधन मागावे लागत नाही, त्या गाडीला परवानगीही मागावी लागत नाही. हे दादाला माझ्याआधी उमगले होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बिल आले. ओट्यावर आम्ही दोघे भाऊ, आमचे म्हातारे चुलते आणि दाराआड घरातल्या बायका असे सगळे होतो. दादाने बिल माझ्यासमोर धरले.

"देख भो. आखाजीले इतलं बिल कधी उनं नव्हतं. तुन्ही वहूनी गाडी रातभर वीज पेस."

चुलते म्हणाले, "आरे, बैलले बी इतला चारा लागे नही."

"गाडी इकी टाक," दादाने विकायलाच सांगितले. "बठ्ठ्या बाया जीपवर जातस. ती बी जाई."

मी म्हणालो, "चुकनं मन्हं, दादा."

हे वाक्य माझ्या तोंडात कायम तयार असते. समोरचा रागावला की मी कारण न शोधता ते पुढे करतो. शाळेत मुख्याध्यापकांपुढे, घरात दादापुढे, बसमध्ये पाय लागला तर अनोळखी माणसापुढेही. मला ते नम्रतेचे लक्षण वाटत असे. त्या संध्याकाळी ताटे वाढताना सून माझ्यापाशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, बिल वाढलं ते खरं. पण तुमचं काय चुकलं?"

तिने विचारले त्यात टोमणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते. दुसऱ्या दिवशी गाडी पडवीत उभी राहिली आणि ती जीपला गेली. परत आल्यावर म्हणाली की एक आजी पायरीवर चक्कर येऊन बसल्या होत्या, आणि मालकांनी नुसते घड्याळाकडे पाहिले.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दुपारी मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. मीटरवर एक लाल दिवा असतो. वीज जितकी जास्त जाईल तितका तो भराभर लुकलुकतो. मी घरातली एकेक वस्तू बंद करायला सांगितली. पंखे, टीव्ही, पाण्याची मोटर, नवा फ्रीज. स्कूटर तर पिनेशिवायच उभी होती.

माझी पत्नी घामाने डबडबली होती. "आते श्वास बी बंद करू का?" तिने आतून विचारले.

सगळे बंद झाले तरी दिवा लुकलुकतच होता, तोही घाईघाईने. मग मला आवाज ऐकू आला. इतकी वर्षे तो आवाज घराचाच एक भाग झाला होता, म्हणून कानावर पडत नव्हता. मागच्या पडवीत, पत्र्याखाली, गोठ्याच्या भिंतीला टेकून माझा जुना फ्रीज चालू होता.

हा फ्रीज मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत घेतला होता, आमच्या गल्लीतला तो पहिला. नवा आणला तेव्हा दुकानदार जुना परत घ्यायला तयार होता. मीच नको म्हणालो. चालू वस्तू घरातून काढायची नाही, हा आमच्याकडचा संस्कार. तेव्हा तो मागच्या पडवीत गेला, मजुरांना आणि आल्यागेल्याला थंड पाणी मिळावे म्हणून. दाराचे रबर फाटले होते. दार सुतळीने बांधलेले असे. उन्हाळ्यात पत्रा तापे, थंडावा फटीतून बाहेर जाई, आणि तो बिचारा दिवसरात्र धापा टाकीत राही. म्हणजे बचत करणारी वस्तू मी विकत आणली आणि उधळणारी वस्तू काढली नाही. घरात दोन फ्रीज झाले आणि मी सगळ्यांना ताऱ्यांचे महत्त्व शिकवीत फिरलो.

स्कूटरचा वाटा बिलात नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. विजेचा दर जिन्यासारखा असतो. जितके युनिट वर चढाल तितकी वरची पायरी महाग. स्कूटरचे युनिट त्या वरच्या पायरीवर होते, हे दादाचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण वरच्या पायरीवर फ्रीजही उभा होता आणि शेवटची पायरी कोणाची, हे मीटर सांगत नाही. ते घरातली माणसे ठरवतात. आमच्या घराने ती सुनेच्या नावावर टाकली होती.

मी फ्रीजची पिन काढली आणि दादाकडे गेलो. मनात आनंद होता, हे कबूल करतो. मला वाटले, आता प्रश्न मिटला.

"दादा, गाडी नही. हाऊ मन्हा जुना फ्रीज शे," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले.

दादाने शांतपणे ऐकले. मग हसला. "मंग फ्रीज बंद कर. आनी गाडी बी इक."

"गाडी काबर?"

"फ्रीज कोठे जास का, भो? तो पडवीमा उभा ऱ्हास. गाडी सकायले फाटक उघाडीसनी चालनी जास. मले माहीत बी नही, ती घरमा शे का नही."

मला त्याचा राग आला नाही. उलट इतके दिवस आम्ही सगळे ज्या गोष्टीला बिल म्हणत होतो, तिचे खरे नाव त्याने सांगितले याबद्दल मी त्याचा आभारीच होतो. तो खोटे बोलत नव्हता. फक्त त्याला जे हवे होते ते देण्याची माझी तयारी नव्हती, आणि ही जाणीव मला नवी होती. मी तोंड उघडले तेव्हा नेहमीचे वाक्य जिभेवर आले होते. ते मी गिळले आणि परतलो. गिळलेल्या वाक्याची चव कडू होती, पण मला ती सोसवली.

दुपार टळायच्या आत कुणीतरी फ्रीजची पिन पुन्हा लावली. मी काढली. पुन्हा लागली. तेव्हा माझ्या लक्षात आले की एका मीटरवर दोन माणसांचे मत चालत नाही.

मी स्वतंत्र मीटरसाठी अर्ज केला. घराच्या उताऱ्यावर आम्हा दोघांची नावे आहेत, त्यामुळे दादाची सही लागत नव्हती. वीज कार्यालयातल्या माणसाने कागद पाहिले आणि विचारले, "वाटणी झाली का, सर?"

"नाही."

"मग दुसरं मीटर कशाला?"

"एका गाडीसाठी."

तो हसला. "गाडीला मीटर? उद्या म्हशीला मागाल."

हसू दे. आमच्या भागात दुसरे मीटर म्हणजे वेगळी चूल, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मी गावात परतायच्या आधीच बातमी पारावर पोहोचली होती. "मास्तर येगळा व्हयना." ज्यांच्या मुलांना मी शुद्धलेखन शिकवले ते लोक मला पाहून आवाज खाली करू लागले. पत्नी दोन दिवस नीट जेवली नाही.

"लोके काय म्हनतीन?" ती म्हणाली. "वहूकरता भाऊ सोडा, म्हनतीन."

"भाऊले सोडं नही," मी म्हणालो. "चूल एकच ऱ्हाई. पीठ एक, दूध एक. मीटर दोन."

"तुमले सोपं वाटस."

"सोपं नही वाटत," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

ज्या दिवशी मीटर बसले, त्या दिवशी दादा ओट्यावरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला होता. वायरमनने भिंतीला छिद्र पाडले तेव्हा चुन्याची धूळ त्याच्या धोतरावर पडली. त्याने ती झटकली नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि वायरमनला देऊन गेल्या. मला दिला नाही. माझ्या मनात आले की आत्ता जाऊन दादाचे पाय धरावेत, हे सगळे थांबवावे. मी गेलो नाही. छिद्र पूर्ण होईपर्यंत मी शिडी धरून उभा राहिलो. कुणी विचारले तर मी सांगेन की माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम होते, आणि ते करताना मी फक्त शिडी धरली होती.

सून पुन्हा स्कूटरवर जाऊ लागली. नव्या मीटरचे पहिले बिल इतके लहान आले की पत्नीने ते उलटे करून मागची बाजू पाहिली. तिकडे दादाच्या मीटरवर फ्रीज धापा टाकीत राहिला. त्याच्यातले पाणी मी पीत नसे.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी दादा घराच्या आमच्या बाजूला आला. खूप दिवसांनी आला होता. पत्नीने घाईने खाटेवर सतरंजी घातली, चहा आणून ठेवला. तो बसला, पावसाचे बोलला, केळीच्या भावाचे बोलला. मग म्हणाला, "मीटर ऱ्हाऊ दे भो. मन्हं काही म्हननं नही. फक्त गाडीनी किल्ली मन्हा खोलीमा खुंटीले टांगत जाय. सकायले लेवानी, संध्याकायले ठेवानी. इतलंच."

मला कळले की तो स्वतःच्या हिशेबाने पुष्कळ खाली उतरून आला आहे. दुसऱ्या कुठल्याही वर्षी मी हे औदार्य समजून डोळे पुसले असते. किल्ली घ्यायला सुनेने त्याच्या दारात जायचे, तो विचारील, ती सांगेल. एकच प्रश्न, एकच उत्तर. किती लहान गोष्ट. पण मी रोज कोठीच्या दारात उभा राहिलो होतो, आणि ती गोष्ट किती लहान असते हे मला ठाऊक होते.

"नही, दादा," मी म्हणालो. "किल्ली तिन्ही शे. तिनाकडेच ऱ्हाई."

"मंग या घरमा मी कोन शे?"

"तू मन्हा दादा शे. तो तू ऱ्हाशीच."

"पन किल्ली नही."

"पन किल्ली नही."

तो उठला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर फाटकात आडवा उभा होता. माणूस अंग चोरून बाहेर जाऊ शकेल एवढीच जागा. सून पिन काढून, हेल्मेट घालून उभी. दादा ओट्यावर दात घासत होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता. मी त्याला ट्रॅक्टर हलवायला सांगितले नाही. सांगणे म्हणजे मागणेच होते.

गोठ्याच्या बाजूला भिंत पडलेली आहे. तिथून गल्लीत उतरता येते, मध्ये फक्त गटार आहे. गोठ्यात मचाणाची एक जुनी फळी पडली होती. मी ती ओढत आणली, गटारावर टाकली आणि तिच्यावर उभा राहून पाहिले. फळी वाकली, मोडली नाही. सुनेने गाडी चालू केली, मी मागून धरली, आणि चिखलात पाय रुतवीत आम्ही ती पलीकडे नेली. माझी शाळेत घालायची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भरली.

"बाबा, कपडे," ती म्हणाली.

"तू निघ. लोक उपाशी बसले असतील."

ती गेली. गाडीचा आवाज होत नाही, त्यामुळे ती वळणावर दिसेनाशी झाली तरी गल्ली तशीच शांत होती. मी वळलो तेव्हा दादा पाहत होता. मी त्याच्याकडे पाहिले, आणि त्याने चूळ भरेपर्यंत नजर खाली घेतली नाही.

ट्रॅक्टर तिथेच राहिला. रोज सकाळी फळी टाकायची, गाडी काढायची, फळी उचलून गोठ्यात ठेवायची. कारण ठेवली नाही तर म्हशी पाय घालतात. गल्लीतले लोक चहा घेऊन दारात येऊन बसू लागले, जणू तमाशा लागला आहे. चुलत्यांनी विचारले, "मास्तर, पूल बांधानं टेंडर लिधं का?" मी म्हणालो, "हो काका, आनी वहूकडनं टोल बी लेस नही." ते हसले. माझ्या विनोदावर ओट्यावरच्या लोकांनी हसण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मग एका सकाळी मी गोठ्यात गेलो तर फळी जागेवर नव्हती. मला वाटले, दादाने लपवली. बाहेर आलो तर ती गटारावर टाकलेली होती, नीट, मधोमध, घसरू नये म्हणून दोन्ही टोकांना विटा लावून. मी कधी विटा लावल्या नव्हत्या. गोठ्यात वहिनी शेण काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. सून गाडी घेऊन आली, फळीवरून एकटीच पलीकडे गेली, आणि मला मागून धरावे लागले नाही.

ट्रॅक्टर पुढे हलला तो कापसाच्या फवारणीसाठी, दादाचे मन वळले म्हणून नव्हे. दादा माझ्याशी अजून शेतीपुरतेच बोलतो. त्याच्या पंगतीत मी बसतो, तो माझ्या ताटात भाकरी पडली की नाही ते पाहतो, पण स्कूटरचे नाव काढत नाही. मला त्याचे दुःख दिसते. ते मीच दिले आहे. त्याची मी त्याच्याकडे अद्याप माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.